स्पीकर स्वतः बनवावेत की तयार घ्यावेत? साडेसहा इंची टू-वेसाठी सल्ला हवा

खर्जप्रेमी

बैठकीच्या खोलीसाठी स्टिरिओ जोडी हवी आहे. खोली १२ बाय १४ फूट, स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड फुटावर येतील, ऐकण्याची जागा आठ फुटांवर. अँप ८ ओहमला ५० वॉटचा आहे, तो बदलायचा नाही. ऐकणं मुख्यतः गाणं आणि तालवाद्यं. आवाज फार मोठा लागत नाही, पण खर्ज अंगाने यायला हवा, नुसता घुमायला नको.

पर्याय दोनच: बाजारातले बुकशेल्फ (स्टँडवर किंवा कपाटावर ठेवायचे छोटे स्पीकर) घ्यायचे, नाहीतर साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा ड्रायव्हर) आणि एक इंची डोम ट्वीटर (वरच्या सुरांचा ड्रायव्हर) आणून टू-वे पेट्या स्वतः बनवायच्या. सुतारकाम आणि सोल्डरिंग जमतं. मोजमापाचा माईक नाही. तेवढ्याच पैशांत बनवलेले स्पीकर खरंच सरस ठरतात का? आणि तयार मिळणारं क्रॉसओव्हर बोर्ड (वरचे-खालचे सूर दोन ड्रायव्हरांत वाटून देणारं सर्किट) लावलं तर चालेल का?

सोल्डरगन

निर्णायक मुद्दा तुम्ही जाता जाता सांगितलात: माईक नाही. पेटी बनवता येते, ड्रायव्हर विकत मिळतात. टू-वे चांगला होणार की वाईट हे क्रॉसओव्हर ठरवतो, आणि तो ड्रायव्हर त्याच पेटीत बसवून मोजल्याशिवाय ठरत नाही. म्हणून ‘बनवू की घेऊ’च्या आधी ‘कुणाचं डिझाइन बनवणार’ हे ठरवा.

पैसे वाचवणं हा हेतू असेल तर साडेसहा इंची बुकशेल्फच्या वाटेला जाऊ नका. कारखाना ड्रायव्हर हजारांनी घेतो, वेव्हगाइड (ट्वीटरभोवतीचा, आवाजाला दिशा देणारा उथळ भोंगा) साच्यातून काढतो, पेट्या मशीनवर कापतो. तुम्ही प्रत्येक नग किरकोळीत घेणार, वर कॉइल, कपॅसिटर, शीट, व्हिनियर, पॉलिश पेपर, टर्मिनल. हिशेब बरोबरीत सुटला तरी खूप झालं. शिवाय उद्या विकायचे ठरवलंत तर घरी बनवलेल्या स्पीकरला गिऱ्हाईक मिळणं कठीण.

बारा इंची सबवूफर, दोन-दोन वूफरचे उंच फ्लोअरस्टँडर, कपाटाच्या कप्प्यात नेमकी बसणारी पेटी, किंवा सेआस, स्कॅन-स्पीक या कंपन्यांचे वरच्या दर्जाचे ड्रायव्हर: इथे गणित उलटं होतं. तयार मालात अशा जागी पैसा पेटी, वाहतूक आणि मधल्या नफ्यावर जातो, ड्रायव्हरवर कमी.

तुमच्यासाठी मधला रस्ता आहे. ट्रोल्स ग्रेव्हसन किंवा पॉल कार्मोडी यांच्यासारख्या डिझायनरांनी मोजमापांसकट प्रकाशित केलेलं एखादं डिझाइन घ्या आणि जसंच्या तसं बनवा. जसंच्या तसं म्हणजे ड्रायव्हरचा मॉडेल क्रमांक तोच, पुढच्या फळीची रुंदी तीच, वूफर-ट्वीटरमधलं अंतर तेच, ट्वीटर फळीत जितका खोल बसवलाय तितकाच, आणि कॉइलचा डीसी रोधही जवळपास तोच. पेटीची खोली आणि उंची आकारमान राखून थोडी बदलली तर चालते (ड्रायव्हर वरच्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर ठेवून). रंग, व्हिनियर, पाय तुमच्या मर्जीने. ‘तसाच दुसरा’ ट्वीटर मात्र चालत नाही, दोघांवर एकच इम्पीडन्स (ओहममधला विद्युत विरोध) छापलेला असला तरी.

चारओहम

तयार बोर्डाबद्दल स्पष्ट सांगतो: नको. त्यावर ‘८ ओहम, ३ किलोहर्ट्झ’ छापलेलं असतं. म्हणजे पलीकडे ८ ओहमचा शुद्ध रेझिस्टर आहे असं धरून पुस्तकी सूत्राने किमती काढलेल्या असतात. खरा वूफर असा वागत नाही. ८ ओहमच्या वूफरचा डीसी रोध साधारण साडेपाच-सहा ओहम, रेझोनन्सला (शंकू सर्वांत सहज हलतो त्या फ्रिक्वेन्सीला) इम्पीडन्स कित्येक पटींनी वर, मग पुन्हा खाली, आणि ३ किलोहर्ट्झला व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे १०-१२ ओहम किंवा जास्त. त्यामुळे छापलेल्या जागी क्रॉसओव्हर होतच नाही. झोबेल (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावून हे बरंचसं सपाट करता येतं. डीसी रोध ५.८ ओहम आणि इंडक्टन्स ०.५ मिलिहेन्री असेल तर वूफरला समांतर ७.२ ओहम आणि सुमारे १० मायक्रोफॅरड, दोन्ही एकमेकांशी सीरिजमध्ये. पण एवढ्याने भागत नाही, कारण बोर्डाला पुढच्या तीन गोष्टी माहीतच नसतात.

पहिली, बॅफल स्टेप (बॅफल म्हणजे पुढची फळी). वरच्या फ्रिक्वेन्सी फळीमुळे फक्त पुढे जातात, खालच्या पेटीला वळसा घालून चहूकडे पसरतात. मोकळ्या जागेत हा फरक ६ डेसिबलचा. बदल कुठे होतो याचा अंदाज: ११५ भागिले फळीची रुंदी मीटरमध्ये. २२ सेंटिमीटर फळीला सुमारे ५२० हर्ट्झ. याची भरपाई नसेल तर आवाज पातळ आणि टोचरा येतो आणि लोक ट्वीटरला दोष देतात. तुमच्याकडे भिंत दीड फुटावर आहे, त्यामुळे पूर्ण ६ नको, ३-४ डेसिबल भरपाई पुरे.

दुसरी, ट्वीटर किती दाबायचा. वूफर ८७ डेसिबलचा असेल तर भरपाईनंतर तो ८३-८४ वर येतो. ट्वीटर ९० चा असेल तर त्याला सहाएक डेसिबल खाली आणावं लागतं. ८ ओहमच्या ट्वीटरला ६ डेसिबलसाठी ४ ओहम सीरिजमध्ये आणि त्यानंतर ट्वीटरला समांतर ८ ओहम. दोन्ही १० वॉटचे घ्या.

तिसरी, दोन ड्रायव्हरांमधलं पुढे-मागे अंतर. वूफरचा आवाज शंकूच्या तळाकडून निघतो, म्हणजे डोमच्या दोनेक सेंटिमीटर मागून. २५०० हर्ट्झला पूर्ण तरंग १३.७ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन सेंटिमीटरला ५० अंशांहून जास्त फेज (तरंगाच्या चढउताराची वेळ) सरकतो. कागदावर चौथ्या ऑर्डरचा (तीव्र उताराचा) लिंकविट्झ-रायली फिल्टर काढला तरी प्रत्यक्षात दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना खातात. बऱ्याच चांगल्या डिझाइनमध्ये वूफरला दोन भागांचा आणि ट्वीटरला तीन भागांचा असा विषम फिल्टर दिसतो, तो यामुळे.

निवांत_श्रोता

दुसरी बाजूही नोंदवतो. तयार स्पीकर घेणं आता आंधळा व्यवहार राहिलेला नाही. सीटीए-२०३४ (स्पीकर मोजण्याचं एक प्रमाण) पद्धतीचे आलेख, ज्याला लोक स्पिनोरामा म्हणतात, बऱ्याच मॉडेलचे उपलब्ध असतात. त्यात समोरचा प्रतिसाद सपाट आहे का एवढंच बघू नका. बाजूला जाणारा आवाज समोरच्यासारखाच उतरत जातो का ते बघा. २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये समोर सपाट आणि बाजूला फुगवटा दिसला तर वूफर वर अरुंद होतोय आणि ट्वीटर अचानक रुंद पसरतोय, हे ओळखायचं. असा स्पीकर खोलीत कर्कश लागतो आणि इक्वलायझरने तो नीट होत नाही, कारण बाजूचा फुगवटा दाबायला गेलं की समोरचा सपाट आवाजही बिघडतो.

साध्या सपाट फळीवर डोम लावलेल्या घरगुती टू-वेमध्ये हाच दोष हमखास असतो. वेव्हगाइडवाला तयार स्पीकर तिथे बाजी मारतो. अँप बदलण्याची तयारी असती तर मी ॲक्टिव्ह मॉनिटरच (आतच अँप असलेला स्पीकर) सुचवला असता.

खर्जप्रेमी

मुद्दे पटले. तरी पेटीचं गणित समजून घ्यायचंय, कारण प्रकाशित डिझाइनमध्येही बंद पेटी आणि पोर्टवाली (हवेसाठी नळी बसवलेली) असे दोन प्रकार दिसतात. एका वूफरच्या कागदावर एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८, व्हीएएस २४ लिटर असं आहे. यावरून काय कळतं?

मंद्रसप्तक

सगळं कळतं. एफएस म्हणजे वूफरचा रेझोनन्स, क्यूटीएस म्हणजे तो रेझोनन्स किती आवरलेला आहे, व्हीएएस म्हणजे शंकूच्या टांगणीइतकीच लवचीक हवा किती लिटर. हे आकडे थील आणि स्मॉल या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखले जातात, आणि पेटीचं काम तरी त्यांच्यामुळे अंदाजपंचे राहिलेलं नाही.

बंद पेटी: एकूण क्यू ०.७०७ हवा असेल तर ०.७०७ ला ०.३८ ने भागा, वर्ग करा, १ वजा करा. येतात २.४६. व्हीएएसला त्याने भागा: २४ भागिले २.४६, म्हणजे पावणेदहा लिटर. अशा पेटीत रेझोनन्स ४० वरून ७४ हर्ट्झवर जातो आणि तिथेच आवाज ३ डेसिबल उतरलेला असतो. स्वच्छ, आटोपशीर, पण तुम्हाला हवा तो खर्ज नाही.

पोर्टची पेटी: याच वूफरला सुमारे २२.४ लिटर, ४० हर्ट्झला ट्यून, आणि ३ डेसिबलची उतरणही ४० च्या आसपास. जवळजवळ एक सप्तक खाली. किंमत अशी की पेटी दुपटीहून मोठी, आणि ४० च्या खाली शंकूला हवेचा आधार उरत नाही. खूप खालचा जोरकस आवाज आला तर वूफर निष्कारण हेलकावे खातो.

पोर्टची लांबी या पेटीसाठी: ५ सेंटिमीटर व्यासाला सुमारे १२.८ सेंटिमीटर, ६ ला १९.३, ७ ला २७. व्यास लहान घेतला तर हवा फुसफुसते, मोठा घेतला तर नळी पेटीत मावत नाही. इथे ६ घ्या. नळीचं आतलं तोंड मागच्या फळीपासून निदान एक व्यासभर लांब हवं.

पेटीचं आतलं माप १८.४ रुंद, ४२ उंच, ३२ खोल धरा. २४.७ लिटर होतात. त्यातून वूफर, ब्रेस (आतली आधाराची फळी), पोर्ट आणि क्रॉसओव्हरचे दहाएक टक्के गेले की सव्वाबावीस उरतात. ४२ सेंटिमीटर उंचीत ४१० हर्ट्झला उभा तरंग तयार होतो, तो पुरुषी आवाजात डब्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो. म्हणून वरच्या आणि खालच्या फळीला आतून तीन-चार सेंटिमीटर जाड लोकर किंवा फेल्ट लावा. मागच्या फळीलाही लावा, पोर्टचं तोंड मात्र मोकळं ठेवा. पोर्टच्या पेटीत कापूस ठासून भरणं म्हणजे पोर्ट असून नसल्यासारखं. ठासायचा तर बंद पेटीत.

कागदावरचे आकडे नव्या वूफरला तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून नळी दोन सेंटिमीटर जास्त कापा, बसवा, इम्पीडन्सचा आलेख काढा. दोन शिखरं दिसतील, त्यांच्या मधली दरी म्हणजे प्रत्यक्ष ट्यूनिंग. ती ४० वर येईपर्यंत नळी थोडी थोडी छाटा. भिंत जवळ असल्याने घुमलंच, तर पोर्टमध्ये फोमचा तुकडा सरकवून बघा. त्यासाठी पेटी फोडावी लागत नाही.

लाकूडतोड्या

वरच्या मापांची पेटी १८ मिलिमीटर एमडीएफमध्ये अशी कापा. पुढची आणि मागची फळी २२ बाय ४५.६ सेंटिमीटर, बाजूच्या दोन ३२ बाय ४५.६, वरची-खालची ३२ बाय १८.४. मध्ये एक ब्रेस ३२ बाय १८.४, त्याला मोठ्या खिडक्या पाडून. जोडीला साधारण आठ बाय चारची अर्धी शीट जाते. उरलेले तुकडे टाकू नका, भोकांची चाचणी त्यांच्यावरच करायची आहे.

घात इथे होतो:

ड्रायव्हरची खाच आधी, भोक नंतर. रूटरला वर्तुळाचा जिग लावून बाहेरची उथळ खाच पाडा, मग त्याच केंद्रावरून आरपार भोक. आधी भोक पाडलंत तर केंद्र गेलं, खाच कशावर फिरवणार? व्यास कागदावरून न घेता हातातल्या ड्रायव्हरला कॅलिपर लावून घ्या आणि १ मिलिमीटर सैल ठेवा. रंग चढल्यावर तेवढी फट भरते.

वूफरच्या भोकाची आतली कड ४५ अंशांत तासा, स्क्रूच्या जागा सोडून. १८ मिलिमीटर फळीत सरळ भोक ठेवलं तर शंकूच्या मागची हवा बोगद्यात अडकते आणि मधल्या सुरांत खोट येते.

एमडीएफची कापलेली कड रंग पिते. पांढऱ्या गोंदात पाणी घालून दोन हात द्या, वाळल्यावर १८० च्या पेपरने घासा, मग प्रायमर. तरी सांध्याची रेष काही महिन्यांनी रंगातून डोकावू शकते, म्हणून व्हिनियर बरं. आणि एमडीएफ कापताना मास्क लावाच, ती भुकटी फार बारीक असते.

स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा, नाहीतर एमडीएफ फुगतं. वूफर पुन्हा पुन्हा काढायचा असेल तर टी-नट (फळीत मागून बसवायचे दातेरी नट) घाला, पण खाली गोंदाचा थेंब हवा, नाहीतर घट्ट करताना निसटून पेटीत पडतात. स्क्रू आवळताना दुसऱ्या हाताने शंकूवर जाड पुठ्ठा धरा. वूफरचं चुंबक पेचकस ओढून घेतं आणि टोक थेट सराउंडमध्ये (शंकूभोवतीच्या मऊ कडेत) घुसतं.

बंद पेटीची गळती तपासायला वूफरचा शंकू चारही बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर ठीक, फटकन आला तर कुठेतरी हवा सुटतेय. बहुतेक वेळा टर्मिनल कप दोषी असतो.

अर्धाताल

मधेच विचारतो: क्रॉसओव्हरची एवढी कटकट असेल तर चार इंची एकच फुल-रेंज ड्रायव्हर का नको?

चारओहम

चालतो, पण ‘क्रॉसओव्हर नाही’ हे अर्धसत्य. बॅफल स्टेप तिथेही आहेच. २२ सेंटिमीटर फळीवर ८ ओहमच्या ड्रायव्हरला सीरिजमध्ये १.५ मिलिहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर ४.७ ओहम, इथून सुरुवात करा; साधारण ४ डेसिबल भरपाई होते. फळी अरुंद असेल तर कॉइल त्याच प्रमाणात लहान. वरचा भाग बाजूला पटकन मावळतो, म्हणून स्पीकर कानाकडे वळवून ठेवावे लागतात. टेबलावर, जवळून ऐकायला झकास. आठ फुटांवर खर्ज आणि जोर दोन्ही हवे असतील तर नाही.

खर्जप्रेमी

समजा माईक घेतला आणि पुढेमागे स्वतःचं डिझाइन करायचं ठरवलं, तर मोजायचं नेमकं काय आणि कसं?

सोल्डरगन

कॅलिब्रेशन फाइल असलेला माईक, आरईडब्ल्यू (मोजमापासाठी) आणि व्हिट्युइक्सकॅड (क्रॉसओव्हर आखायला). दोन्ही सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट आहेत.

आधी इम्पीडन्स. साउंडकार्ड आणि एक रेझिस्टर एवढ्यावर आरईडब्ल्यूत निघतो. दोन्ही ड्रायव्हर पेटीत बसवूनच मोजा.

मग आवाज. स्पीकर स्टुलावर असा चढवा की ट्वीटर जमिनीपासून सव्वा मीटरवर येईल, माईक त्याच उंचीवर, १ मीटर समोर. जमिनीवरून येणारा प्रतिध्वनी सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. विंडो (मोजणीचा कालखंड) तिथे कापली की २०० हर्ट्झच्या वरचं मोजमाप विश्वासार्ह. बाकीच्या भिंती आणि छत त्याहून लांब हवेत, म्हणून स्पीकर खोलीच्या मध्यावर. २०० च्या खालचं माईक शंकूला जवळजवळ टेकवून मोजायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं. पोर्ट वेगळा मोजून व्यासाच्या प्रमाणात (क्षेत्रफळांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने) मिळवायचा.

वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे मोजताना माईक तसूभरही हलवू नका, नाहीतर दोघांमधला फेज खोटा येतो आणि पुढचं सगळं डिझाइन त्या खोट्यावर उभं राहतं. यूएसबी माईक असेल तर आरईडब्ल्यूमध्ये अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू करा. समोरून झालं की १५-१५ अंशांनी स्पीकर फिरवून निदान ९० पर्यंत मोजा. निवांत_श्रोता म्हणतायत तो बाजूचा फुगवटा यातच दिसतो.

ट्वीटर उघडा मोजताना सीरिजमध्ये २०-३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा आणि स्वीप (खालून वर सरकणारा चाचणीचा सूर) ५०० हर्ट्झपासून सुरू करा. अँप सुरू होतानाचा ठोकाही डोम जाळू शकतो. आणि अँप क्लास-डी, ब्रिज जोडणीचा असेल तर त्याच्या काळ्या टर्मिनलला साउंडकार्डची ग्राउंड अजिबात जोडू नका. त्या टर्मिनलवरही व्होल्टेज असतं, अँप जागीच जातो.

डिझाइन जमलं का याची परीक्षा: ट्वीटरच्या तारा उलट्या करून मोजा. क्रॉसओव्हरच्या ठिकाणी २० डेसिबल किंवा त्याहून खोल खड्डा पडला तर सुलट जोडणीत दोघे फेजमध्ये आहेत. खड्डा उथळ किंवा एका बाजूला सरकलेला असेल तर अजून काम बाकी आहे. ट्वीटरचा क्रॉसओव्हर त्याच्या रेझोनन्सच्या निदान दुप्पट फ्रिक्वेन्सीवर ठेवा.

खर्जप्रेमी

ठरलं. प्रकाशित डिझाइन, पोर्टची पेटी, ८ ओहम. माईक पुढे बघू. सुटे भाग मागवताना कशावर खर्च करू आणि कशावर नको?

चारओहम

वूफरच्या सीरिजमधली कॉइल जाड तारेची घ्या, डिझाइनमध्ये लिहिलेल्या डीसी रोधाची. अर्धा ओहम जास्त आला तर वूफरचा क्यू आठ-नऊ टक्के वाढतो, आणि पोर्टची पेटी त्या क्यूवर बेतलेली असते. ट्वीटरच्या सीरिजमधले कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन, ५ टक्के टॉलरन्स. झोबेलमधला मोठा कपॅसिटर नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक चालतो, फक्त तो वर्षांनी सुकतो, म्हणून हाताला येईल अशा जागी बसवा. महागडे ‘ऑडिओफाइल’ कपॅसिटर आणि अंगठ्याएवढ्या केबल यांवर पैसा घालवू नका. पेटीच्या आत १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते.

कॉइली एकमेकींना काटकोनात आणि निदान दहा सेंटिमीटर अंतरावर ठेवा, वूफरच्या चुंबकापासूनही लांब. एकाच दिशेने शेजारी ठेवल्या तर वूफरचा सिग्नल ट्वीटरच्या शाखेत झिरपतो. लोखंडी स्क्रू कॉइलच्या मधोमध नको, किंमत बदलते. प्लॅस्टिकची टाय आणि सिलिकॉन बरं.

सगळं प्लायच्या तुकड्यावर जोडून आधी पेटीबाहेर ठेवा, लांब तारांनी जोडा. ट्वीटरचा सीरिज रेझिस्टर सोल्डर न करता कनेक्टरमध्ये अडकवा आणि अर्धा ओहम वर, अर्धा ओहम खाली असे आणखी दोन जवळ ठेवा. खोलीत मऊ सामान कमी-जास्त असेल तर ट्रेबलची पातळी तेवढ्याने जागेवर येते. ती ठरली की मगच बोर्ड पेटीत स्क्रूने बसवा, पोर्टच्या तोंडासमोर सोडून कुठेही.